पक्का रंग

रात्रपाळी. चोर्लूच्या बाहेर, सूर्यफुलांच्या
कापणी झालेल्या शेतांपलीकडे.
तीन नंबरच्या टाकीत आज गर्द जांभळं उतरलंय;
म्हणजे कुणाची तरी ऑर्डर वेळेत गेली.

आधी आम्ल. पीएच तीनवर येईतो
मीटरकडे डोळे लावून बसायचं.
मग लोहाचं हिरवट द्रावण,
मग पेरॉक्साइड, जपून;
घाई केली की फेस कठड्यावर चढतो
आणि सेव्हिलाय शिव्या घालत पाइप घेऊन धावते.

जे रंग तोडतं ते मी कधीच पाहिलेलं नाही.
जन्मतं आणि संपतं,
पापणीला लवायची सवडसुद्धा न देता.
एवढंच दिसतं : जांभळ्याचा कणा कुठेतरी मोडला,
आधी विटकरी,
मग उरलेल्या चहासारखं,
मग टाकीचा तळ.

बाबा, तुम्ही जन्मभर याच्या उलट केलंत.
धुण्यात, उन्हात, घामात जाऊ नये म्हणून
मिठाचा अंदाज जिभेवर घ्यायचात.
बायरामच्या सकाळी तुमचा हात
ओठांना, कपाळाला लावताना
करंगळीच्या नखात निळं असायचंच.
तुमच्यासारखा रंगारी जितका चांगला
तितकं मला पेरॉक्साइड जास्त लागतं.

गुरुवारी मी बाटली भरून घरी आणली.
तुम्ही ती खिडकीशी धरलीत, बराच वेळ.
पलीकडची मशीद दिसली, दोरीवरचे कपडे दिसले.
"रंग गेला कुठे?" एवढंच विचारलंत.

सांगितलं नाही :
त्याच पाण्यात प्रयोगशाळेत
वीस पाणपिसवा सोडल्या होत्या.
सतरा तळाशी.
रंगाने नव्हे; माझ्याच औषधाचा
उरलेला घोट.
खालच्या अंगाचे भातवाले
आम्हाला अजून पाण्यात पाहतात,
त्यांचं काय चुकलं?

आता चुना घातल्यावर थांबते. रात्रभर.
पट्टी बुडवते, निळी होते, परत थांबते.
गंजाचा गाळ खाली बसतो,
चार वाजता त्याचा ट्रक येतो,
कुठे जातो ते पावतीवर लिहिलेलं असतं
आणि मी सही करते.

आज पट्टी पांढरी राहिली.
सेव्हिलाय भिंगाखाली मोजतेय, मोठ्याने,
सोळावर अडखळली,
एक हलतेय की पाणी हलतंय
ते तिला ठरवता येईना.