दहा हजार तळी

पोलिसाने थांबवलं तेव्हा मी
ताशी चाळीस मैलांच्या आतच होते. पट्टा लावलेला,
मागच्या सीटवर मांजराचं औषध आणि दोन डझन अंडी.
"काय चुकलं?" मी काच खाली करून विचारलं.
तो म्हणाला, "चौकट."

चौकट म्हणजे नंबरप्लेटभोवतीची, क्रोमची.
वर: वर्न टॉलेफ्सन, गळ आणि आमिष.
खाली वर्नचंच वाक्य:
लागला तर मासा, नाही तर गारवा.
दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा
दोनशे बनवून घेतल्या त्याने, गिऱ्हाइकांना फुकट वाटायला.
एकशे त्र्याऐंशी अजून गॅरेजमध्ये पडून आहेत.

पोरगा तिशीचाही नसेल.
छातीवरच्या पट्टीवर नाव, मुआ.
थंडीने कान लाल झालेले, टोपी नियमाप्रमाणे सरळ.

"नंबर दिसतो का?"
"दिसतो."
"वर्षाचं स्टिकर? राज्याचं नाव?"
"तेही दिसतं. पण खालची ओळ, बाई.
दहा हजार तळी असं लिहिलेलं असतं तिथे.
तुमच्या चौकटीने ती झाकलीत."

मी आजूबाजूला पाहिलं.
रस्त्याच्या डावीकडे तळं. उजवीकडे तळं.
बर्फावर मासेमारीच्या झोपड्या, एकीच्या धुराड्यातून धूर.
"मी?" म्हटलं. "दहा हजार?
या एवढ्याशा पट्टीने?"

तो हसला नाही. हसू आवरलं असावं.
"चौकट लावायला बंदी नाही," तो म्हणाला,
"झाकायला आहे."
हे वाक्य मला आवडलं, खोटं कशाला बोलू.
चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला
त्यातलं बरंच काही कळतं.

मग विचारतो, "हे दुकान कुठे आहे?"
"लाँड्रीनंतर उजवीकडे. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात."
"म्हणजे जाहिरात जुनी झाली."
"जाहिरात करणाराही."
तेव्हा मात्र त्याने टोपी काढली,
आणि ती काढून आता काय करायचं ते त्याला कळेना.

पावती नाही, ताकीद लिहिली. पिवळा कागद.
स्क्रू ड्रायव्हर माझ्याच डिकीत होता,
पण हिवाळ्याच्या मिठाने स्क्रू असे धरलेले
की वर्नने स्वतः आवळलेत अजून, आतून.
शेवटी त्याने थर्मासमधली कॉफी ओतली त्यांच्यावर,
साखरेसकट.
वाफ निघाली, एक शिवी निघाली (माझी),
आणि चौकट हातात आली.

खालची पट्टी उघडी पडली.
बाकी पाटी उन्हाने, मिठाने फिकट झालेली,
पण ती ओळ नवीकोरी, गडद निळी,
नऊ वर्षं चौकटीआड राहिलेली.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो,
पाठीमागून ट्रक गेला, भोंगा वाजवत.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये खोकं उघडलं,
एक चौकट शिकंज्यात धरली
आणि करवतीने खालची पट्टी कापून टाकली.
वेळ लागला. क्रोमच्या आत साधं पत्र्याचंच काम,
वर्नने पैसे वाचवले होते.
आता गाडीवर फक्त नाव आहे,
त्याच्याखाली नंबर, आणि नंबराखाली सगळी तळी.
मुआ परवा समोरून गेला. आरशात पाहिलं तर
गाडी वळवून मागे आला, थोडा वेळ चालला पाठोपाठ,
वाचत असावा,
आणि वळणावर दिवा मारून निघून गेला.

कापलेली पट्टी खुंटीला टांगली आहे,
वर्नच्या बर्फावरच्या झोपडीत, आत, दाराच्या वर.
मी तिथे बसते. भोक पाडते. दोरी सोडते.
बहुतेक दिवस
गारवाच लागतो.