हळदीचं गोदाम

गुरुवारी आठनंतर मार्केट यार्डात
भूपाल गोदामाचं कुलूप काढतो.
दस्तगीर मिरजेहून येतो,
भोपळे कोरून खरबरीत झालेल्या बोटांनी
तंबोरा लावतो. काळी एक.

आधी तिघंच होतो, पुरुषांवर जीव जडलेले.
गाणं हा भेटायचा बहाणा.
कुणी हटकलंच तर : भजनी मंडळ.
पुढं बहाणाच खरा झाला.

शीतलचा आवाज बारीक.
त्यापायी शाळेत काय काय ऐकलं, तो सांगत नाही.
वरचा षड्ज मात्र
त्याच्याशिवाय आमच्यात कुणाला लागत नाही.

लांब सूर धरायचा
तर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही.
एक थांबला की बाकीच्यांनी धरून ठेवायचं,
ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही कोण थांबलं.

आयर्विनखाली पाणी चढलं त्या साली
नेमगोंडा थांबला.
'भिशीतले मित्र' म्हणून आम्ही त्याच्या दारात उभे,
चपला न काढता.
त्या गुरुवारी त्याची जागा सोडून बसलो,
आणि सूर धरला.

घरी पोचतो तेव्हा
कॉलरवर, भुवयांत पिवळी पूड.
आई विचारते, कुणाची हळद होती रे?
मी नळ सोडतो.
आमचीच, म्हणतो.