एक जहाज

अक्षरामागे बारा रुपये ठरले होते,
काना-मात्रा त्यातच.
ग्रामसेवकानं कागद दिला,
देता देता पेनानं तीन ओळी मारल्या.
निधीत बसत नव्हत्या.
म्हणून ‘रंगून, कोलंबो येथील हॉटेलांत’ गेलं,
‘आई मिठागरात रोजावर’ गेलं,
‘उधारीचा पहिला बाजा’ गेला.
राहिलं ते एवढं :

बस्त्यांव कार्डोज
जॅझ ट्रम्पेटवादक
यांचे जन्मस्थान
१९१९ –

रेघेच्या पुढे काय घालू, विचारलं.
‘कळलं की कळवतो,’ म्हणाला.
रेघेचे पैसे मी लावले नाहीत.

मोचेमाडचा उतार, बर्फाच्या फॅक्टरीच्या अलीकडे
दोन लोखंडी पाइप, मध्ये पत्रा,
निळ्यावर पांढरं.
प्रायमर सुकेस्तोवर काजूखाली बिडी ओढत होतो,
तर रुजिनाबाय आली, कमरेवर हात ठेवून
पत्र्याकडे पाहत राहिली. कोरा होता तरी.
‘हयसर न्हय रे.
घर थयसर व्हता. रस्त्यात गेला.’
आणि बोट दाखवलं डांबराच्या मधोमध,
दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये
जो काळा तुकडा सुटलेला असतो, तिथे.
एक डंपर त्यावरून गेला.
आम्ही दोघं थांबलो.

मग म्हणाली, जल्मलो तेव्हा रडाकच नाय.
वैजू सुईणीनं पाठीवर थाप मारली.
नाय.
दुसरी मारली.
नाय.
तिसरीला हात उचलला आणि खाली ठेवला,
घोवाक बोलवा म्हणाली, पाद्रीक बोलवा,
कुणीतरी मेणबत्ती शोधायला आत गेलं,
आणि तेव्हा, कुणी मारलं नसताना,
रडलो.

रुजिनाबाय तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती.
पण सांगताना तिचा हात हवेत थांबला
तो मी पाहिला.
दशावतारात मी मृदंगावर असतो, बावीस वर्षं.
संकासुर नाचून नाचून थकतो आणि सगळे वाट बघतात
ती न मारलेली थाप
कुठे मारायची, एवढं मला कळतं.
जॅझ कळत नाही.

भाच्याला विचारलं. त्यानं मोबाइलवर लावून दिलं काहीतरी,
बस्त्यांवचं नव्हे, त्याचं कुठेच नाही मिळत.
चार माणसं एकदम बोलत होती
आणि कुणी कुणावर रागावत नव्हतं.
आमच्या ग्रामसभेत असं कधी झालं नाही.

संध्याकाळी अक्षरं ओली असतानाच
उभादांड्याच्या दोन बायका टोपल्या टेकवून
वाचायला थांबल्या.
‘जॅझ म्हंजे काय गो?’
‘जहाज. जहाजार व्हतो तो.’
‘तारवटी?’
‘तर काय. बाजो वाजवी जहाजार.’
ब्रश हातात होता. सांगता आलं असतं.
पण रंगूनला काय तो चालत गेला असेल?

याला आता चार वर्षं झाली.
खाऱ्या वाऱ्यानं पत्र्यावरचा चंद्र पहिला खाल्ला,
‘जॅझ’चा ‘जझ’ झाला.
रेघेपुढचं अजून कळवलेलं नाही.
फॅक्टरीवर बर्फ न्यायला येणारे तिथं उतरू लागले,
मग शाळेची मुलं,
मग शिरोड्याची एसटी न सांगता थांबू लागली.
कंडक्टर दारातून ओरडतो,
‘जहाजवाले! जहाजवाले चला!’
आणि समुद्रापासून दीड मैलावर, कोरड्या रस्त्यात,
माणसं पिशव्या सांभाळत
खाली उतरतात.

गुरुवारी पांढऱ्याची छोटी डबी घेऊन निघालो,
चंद्र परत काढायला. माझ्याच पैशानं.
गाडीत कंडक्टरनं विचारलं, कुठे?
तोंडात गावाचं नाव आलं होतं.
एक जहाज, म्हटलं.
त्यानं वर न बघता
तिकीट फाडलं.