तुकडे करू नये

सूरला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात,
एक जुना संगणक अजून ड्यूटीवर आहे.
बनवणारी कंपनी कधीच बुडाली.
त्याचा पासवर्ड बसवणारा शाजी
आता त्रिशूरजवळ रबराची झाडं राखतो.
पण दिवसाला किती मीठ काढलं
हे मस्कतला कळवायचं काम याचंच.

सोमवारपासून कळवत नाही.

मुराद बलूशी म्हणाला, केबल. केबल बदलली.
मग म्हणाला, जिन्न. त्यावर आम्ही चहा घेतला.
पिंग जातं, येतं. लॉगिन होतं.
हॅलोला हॅलो मिळतं, शहाण्यासारखं.
अहवाल पाठवायला घेतला की
पलीकडे फाइल उमटते, शून्य बाइटची.

रात्री दोनला पाकिटं मोजायला बसलो.
चौदाशेचं गेलं.
चौदाशे वीसचं गेलं.
चौदाशे एकविसाचं नाही.

गेल्या आठवड्यात वाटेत नवा बोगदा बसवलाय,
त्याचं तोंड ऐंशी बाइटनं अरुंद.
आणि हा जुना गडी प्रत्येक पाकिटावर
शिक्का मारतो : तुकडे करू नये.
बोगद्यापाशी राउटर सांगतोही, बाबा, लहान करून धाड.
तो निरोप मधली फायरवॉल गिळते.
निरोप्यांवर तिचा भरवसा नाही.
म्हणून तेच पाकीट पुन्हा.
तीन सेकंद थांबून. सहा थांबून. बारा.
नव्या यंत्रणा अशा वेळी आपण होऊन अंग चोरतात.
याला ते कुणी शिकवलंच नाही.

तीनला फोन वाजला.
म्हसळ्याला तस्नीम सेहरीला उठली होती.
उकडतंय का तिकडे? हो.
जेवलास? हो.
आणखी काही?
नाही, म्हटलं, रेंज जातेय.
खिशात कंपनीचं पत्र, नऊ दिवसांचं,
घड्यांवर झिजलेलं.

सेटिंगच्या फाइलीत खाली खाली गेलो तर
हवी ती ओळ आधीच होती, चौदाशे लिहिलेली,
तोंडावर # ठोकून गप्प बसवलेली.
शेजारी शाजीची टीप : तात्पुरतं, २००४.
मी नुसता # पुसला.
मुराद बिस्मिल्ला म्हणाला आणि मशीन पुन्हा चालू केलं.

चार बाराला सोमवार गेला.
मग मंगळवार. बुधवारला जरा वेळ लागला.
मुराद खुर्चीतच घोरू लागला.

मी फोन काढला. लिहिलं,
पत्र आलंय.
पाठवलं.
कंपनीचं.
पाठवलं.
करार वाढवणार नाहीत.
पाठवलं.
लगेच फोन करू नकोस,
आधी सगळं येऊ दे.