दोन चिंचांमध्ये

कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतो मी.
भरगाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, पावती—
असे सत्तावीस हंगाम.
आमचा काटा वीस किलोच्या पटीतच बोलतो.
एका रात्रपाळीत, गाड्या आटल्यावर,
मीच जाऊन उभा राहिलो त्याच्यावर.
एकशे वीस, म्हणाला.
दवाखान्यातला म्हणतो एकशे चोवीस.
चार किलोची सूट द्यायला
लोखंडाचंच काळीज लागतं.

लग्नात मी खुर्चीचे आधी पाय बघतो.
प्लास्टिकची असली तर दोन एकात एक घालून घेतो,
नाहीतर उभ्यानंच जेवतो, वाढप्याला वाटतं
मी मुलीकडचा.

गेल्या साली दंडोबाच्या डोंगरावर
भाचीच्या मैत्रिणींनी जाळीची झोळी बांधली होती.
मामा, बसा की.
बसलो.
आधी आवाज आला, मग जमीन.
सगळ्या हसल्या. त्यांच्याआधी मी हसलो,
हे आपलं जुनं काम,
भोंगा व्हायच्या आत हजर.

घरी येऊन मात्र पाठीवरचे जाळीचे वळ
आठ दिवस कुणाला दाखवले नाहीत.

यंदा गाळप संपलं आणि ठरवलं.
गणपती पेठेत दस्तगीर मणेरांकडं गेलो,
जिथं दावी, कासरे, चऱ्हाटं
आढ्यापासून लोंबतात, आणि ताडपत्रीचा वास
गिऱ्हाइकाच्या आधी बोलतो.
त्यांनी वर न बघता विचारलं, माल किती?
एकशे चोवीस.
काय माल?
मी.
मग बघितलं त्यांनी. हसले नाहीत.
म्हणाले, जिवंत माल हलतो,
त्याला दुप्पट धरायचं.

झोळी शर्वरीनं पुण्याहून मागवली.
पहिली तीनशे ग्रॅमची, मुठीत मावणारी,
उजेडाला धरली तर पलीकडचा नळ दिसायचा.
परत केली.
हलकी मलाही हवीच होती, कारण डोंगरावर
एकशे चोवीस मी आधीच घेऊन जातो, बिनतक्रार.
पण कापडाला दम असावा.
दुसरी आली दुहेरी कापडाची, अकरा फूट लांब,
सातशे चाळीस ग्रॅम. चिठ्ठीवर लिहिलेलं : दोनशे किलो.
लिहिलेल्यावर माझा विश्वास नाही.
ट्रॉलीवर आठ टन लिहितात आणि बारा आणतात.

दोरीचं मणेरांनी मोडीत काढलं.
बारीक दोरी झाडाची साल कापते.
बैलाच्या मानेवर सुतळी ठेवता का कधी?
दोन बोटं रुंद पट्टे दिले, न ताणणारे,
पोलादी कड्या दिल्या. पैसे घेतले,
पण गाठ शिकवायचे घेतले नाहीत.

हरिपूरच्या रस्त्यावर, दिवस उगवायच्या आत,
दोन म्हाताऱ्या चिंचा निवडल्या.
मी खेचून ताठ बांधली, खाटेसारखी.
शर्वरी म्हणाली, मामा, सैल.
सैल सोडली तर पडेन की!
नाही. ताठ बांधलीस तर प्रत्येक पट्टा
तुझ्या तिप्पट ओढला जातो.
तीस अंशात सोड, तुझ्याएवढंच ओझं घेईल.
अंगठा आणि बोट पिस्तुलासारखं धरून
तिनं कोन दाखवला.
मी आयुष्यभर पोट आत ओढून उभा राहिलेला माणूस,
मला हे कुणी आधी का सांगितलं नाही.

आधी बूड टेकलं. मग एक पाय. थांबलो.
कड्या कुरकुरल्या, साल कुरकुरली,
मी कान देऊन त्या आवाजाची वाट बघितली.
आला नाही.
दुसरा पाय घेतला. तिरका झालो,
तिरकं झोपलं की कापड सपाट होतं,
खांदे आवळत नाहीत.
वर चिंचेचा बारीक पाला,
खाली बोटभर मोकळी हवा.
चोवीस वरचेही, सूट न देता, सगळे वर.

दुधाच्या किटल्या घेऊन एकजण सायकलवरून जाताना
थांबला. पाळण्यात कुणाला घातलंय?
शर्वरी म्हणाली, मामाला.
नाव काय ठेवलं?
दोघं हसले. या वेळी
मला पहिला नंबर लावावा लागला नाही.

कृष्णेकडून वारा आला, मी थोडा हललो.
पलीकडं घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं.
इतकंच.

मग ऊन तोंडावर आलं, आणि लक्षात आलं,
चढायचं सगळं विचारलं होतं,
उतरायचं विचारायचं राहिलं.