चार सेकंद आणि थोडं वर

गुरुवारी भोसरी बंद,
म्हणून बुधवारच्या रात्रपाळीतच आम्ही तो दांडा काढला.
सेंटरलेसचा, तीन नंबरचा.
दोन एलन बोल्ट, एक गंजलेली कॉटर पिन,
आणि मुठीवर एकोणीस वर्षांत
खिलारेंच्या तळव्याने आणलेली चकाकी.
तीही दांड्याबरोबर निघाली,
वेगळी ठेवता येईना.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो.
दोन चाकं असतात.
एक दगडाचं, कापणारं,
दुसरं रबराचं, आवरणारं.
मधे पातं, पात्यावर जॉब.
त्याला कुणी धरत नाही, त्याला केंद्र नाही,
नुसता टेकून फिरतो
आणि फिरता फिरता गोल होतो.
साध्या पिना इकडून शिरतात, तिकडून पडतात.
आमच्या पिनेला डोकं आहे.
आणि डोकं असलेलं काहीही सरळ पार जात नाही.
त्याला आत घ्यावं लागतं, थांबावं लागतं,
मग मागून ढुशी द्यावी लागते.

ती ढुशी म्हणजे खिलारे.
दांडा खाली, खट्, पिन ट्रेमध्ये.
पाळीला अठराशे.
खांद्याचं ते कधी बोलले नाहीत,
पण शर्ट चढवताना आधी डावा हात घालायचे,
हळूच,
बिळात घालावा तसा.

बहिरटशेठनी कुदळवाडीच्या भंगारातून सिलिंडर आणला,
बत्तीसचा बोअर. सील मी नवे टाकले.
व्हॉल्व्ह, टायमर, निळी नळी.
पहिला धक्का असा बसला
की पिन ट्रे ओलांडून थेट चहाच्या किटलीवर.
किटलीला अजून पोचा आहे.
दाब सहावरून साडेतीनवर आणला,
मग पिना शहाण्यासारख्या पडू लागल्या.

मायक्रोमीटर म्हणाला, बरोबर.
पिन वळवली, पुन्हा म्हणाला, बरोबर.
व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवली
तेव्हा डायलची सुई तीनदा शहारली.
गोल दिसणारी, मोजूनही गोल भरणारी,
आणि अंगात तीन कोपरे लपवलेली पिन.
पंचेचाळीस नग बाद.

"खिलारे, तुम्ही किती सेकंद थांबायचात?"
"सेकंद कोण मोजतंय."
"मग?"
"आधी ती कुरकुरते. मग सुरात येते. मग गप्प होते."
"गप्प झाली की काढायची?"
"छे. गप्प झाल्यावर जरा नुसती फिरू द्यायची.
तिचं तिला कळू द्यायचं."

हे टायमरवर कसं लावायचं!
मी मोबाइलवर स्टॉपवॉच उघडलं.
त्यांनी डोळे मिटले,
दांडा नसलेल्या जागी हात नेला
आणि हवेत खाली ओढला.
चार पॉइंट दोन.
चार पॉइंट दोन.
चार पॉइंट तीन, तेव्हा बाहेरून कंटेनर गेला होता.
चार पॉइंट दोन.
दहा वेळा. मग मी नॉब फिरवला.
सुई जागची हलली नाही.

आता खिलारेंकडे तीन मशीनं आहेत,
पगार एका माणसाचा.
शेठना विचारलं तर म्हणतात, काम हलकं झालं ना.
झालंय. शर्ट आता ते कसाही घालतात.
फक्त कँटीनमध्ये बाकावर बसले
की डावा हात मधूनच गुडघ्याकडे उतरतो.
मी घड्याळात पाहायचं टाळतो.

परवा कॉम्प्रेसर बसला.
सिलिंडर अर्ध्यावर अडकून मुका.
मालाची गाडी चाकणला निघायची होती,
दोनशे नग बाकी.
खिलारे काही बोलले नाहीत,
माझ्यासमोर येऊन नुसता हात पुढे केला.
दांडा मी टूल-रूममध्ये ठेवलाच होता,
खडूने नंबर टाकून, का ते माहीत नाही.
दोन बोल्ट, पाच मिनिटं.
खट्.
खट्.

तासाभराने हवा आली, फुस्स करून,
नळी ताठ झाली.
त्यांनी शेवटची पिन काढली,
दांडा सोडवला,
आणि वेस्टने मूठ पुसून
माझ्या हातात दिला.
गरम होती.