खिळ्याला

भूमय्या वडनाल म्हणाले,
उघडली की खिडकी दिसाया नको.
काच नको, चौकट नको, कडीपण नको.
मी विचारलं, मग पाखं बाहेर उघडायची?
त्यांना ऐकू गेलं नाही.
चाळीस वर्षं, सहा माग, साखर पेठेतली पत्र्याची शेड,
दोन्ही कान तिथेच राहिले.

म्हणून कागदावर काढून दाखवलं.
बाहेरून चार इंची वीट,
मधे तीन इंच काहीच नाही,
आतून पाऊण इंचाचा बोर्ड.
तावदान सरकेल आणि ह्या काहीच-नाहीत शिरेल.
त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला,
मग बोट डावीकडून उजवीकडे नेलं, झर्रकन,
आणि हसले:
"धोट्याची पेटी!"

पाच वर्षं शिकून मला सुचलं नव्हतं.

शेडला खिडक्या होत्या, म्हणाले, पण उघडायच्या कुठं?
उन्हाळ्याचा वारा आला की सूत तुटतंय.

मग हिशेब सांगितला, मोठ्यानं, बोटं दाखवून:
चार फूट नाहीसं करायचं
तर शेजारी चार फूट राखून ठेवायला लागतं.
त्यात बटण नाही, नळ नाही, कोनाडा नाही.
"घ्या की," म्हणाले, "जागा हाय."
आणि ह्या भिंतीला खिळा मारायचा नाही, हेही सांगितलं.
ते मान हलवत होते.

इरण्णा सुतार सागवान रंधत कन्नडमध्ये पुटपुटायचा,
त्याचं मत होतं खिडकीनं खिडकीसारखं दिसावं.
पण खालची पट्टी त्यानं बाहेरच्या अंगाला
केसभर उतरती केली, न सांगता.
पाण्याचं तर जाऊ द्या, इथे खरी भीती धुळीची,
आणि शेजारच्या कारखान्यातून उडत येणाऱ्या पिंजेची.
पोकळीच्या तोंडाशी ब्रश लावला.
एक फळी स्क्रूवर ठेवली;
चाक झिजलं तर माणसानं शिरायचं कुठून?
बोर्ड बसवायच्या आधी आत हात घातला, खांद्यापर्यंत.
बाहेर त्रेचाळीस होतं.
आत माठाच्या तळासारखा गारवा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, सहा वाजता,
दोन बोटांनी ढकललं.
गेलं.
उरलं ते समोरच्या गच्चीवर वाळणारे टॉवेल,
कडुनिंबाची अर्धी फांदी,
आणि गरम असला तरी वारा.
भूमय्यांनी हात पुढे केला, हळू,
काच लागते का बघत.
कोपरापर्यंत हात बाहेर गेला तरी बघतच होते.

जुलैत फोन. अडकली.

फळी काढली. इरण्णानं बॅटरी मारली.
पोकळीच्या पार टोकाकडे
एक खिळा, अडीच इंची, नवा,
टोक आत काढून उभा.
बाहेर त्याच्यावर एक फोटो.
सूप मांडीवर घेतलेली बाई,
कुठल्या तरी ग्रुप फोटोतून कापून मोठी केलेली,
खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात राहिलेला.

लच्मव्वा आतून आल्या, हात पुसत.
माझी आई, म्हणाल्या.
सगळा जन्म दाराच्या उजेडात विड्या वळल्या तिनं.
खिडकीशेजारी बसू दे की आता.

इरण्णानं पक्कड काढली होती.
माझ्याकडे बघितलं.
ती पिशवीत परत टाकली.

आता तावदान खिळ्यापर्यंत जातं आणि थांबतं.
सात इंच काच बाहेर राहते.
ती रोज कुणीतरी पुसतं, बोटांचे ठसे दिसत नाहीत.
भूमय्यांना विचारलं, चालेल?
ऐकू आलं की नाही कोण जाणे.
"हां, दिसतंय थोडं," म्हणाले,
आणि खुर्ची फोटोच्या बाजूला सरकवली.

त्यानंतरच्या प्रत्येक नकाशात
पोकळीच्या वर, रुळाच्याही वर,
मी एक लाकडी पट्टी काढते, तीन इंचांची, भरीव.
गवंडी विचारतात, हिचं काय काम?
खिळ्याला, म्हणते.